उरलेली सिटिंग्ज

"टाक्यांच्या वरच्या भागाला बराच काळ काही जाणवणार नाही. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, चटका बसेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

दवाखान्यातून घरी सोडताना नर्सने मला हे सांगितलं तेव्हा मी "हो, हो" म्हणाले आणि मान दुसरीकडे वळवली. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी झोपली होती आणि तिचा श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटत होता. तान्ह्या बाळांचा श्वास असाच असतो म्हणे. ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तिच्या छातीवरून माझी नजर हलली नसती. माझ्या पोटाला काय कळतं आणि काय नाही, याच्याशी मला काय घेणंदेणं? गरम पाण्याची पिशवी आमच्या घरात नव्हतीच.

हे सगळं मी रागाने लिहिते आहे. "डोकं शांत झाल्यावर लिही," असा सल्ला नवऱ्याने दिला. त्याच्या सल्ल्यांची किंमत काय ते पुढे कळेलच. आणि माझ्या पोटावर भाजल्याचा डाग आहे म्हणून मी चिडले आहे असंही कुणी समजू नये. डाग पडायचा तो पडला. माझा जीव अडकलाय तो वन्संमध्ये, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीमध्ये. त्याच दुकानात, त्याच मशीनखाली, त्यांच्या पोटाचं तेच होऊ नये म्हणून मी घसा कोरडा केला, आणि घरात माझं नाव पडलं 'घाबरट'. आधीचं नाव 'अभ्यासू' होतं. दोन्ही नावं वन्संनीच ठेवलेली.

सुरुवात लिफ्टमध्ये झाली. मुलगी रांगायला लागली होती, मी तिला कडेवर घेऊन खाली निघाले होते. चौथ्या मजल्यावरची शेजारीण आत आली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि डोळे मिचकावून म्हणाली, "परत गोड बातमी वाटतं?"

मी "नाही हो" म्हणाले. ती म्हणाली, "अगं बाई!" आणि मजल्यांचे आकडे वाचत बसली.

पोट सुटलं असतं तर मी धावले असते, चालले असते. पण हे पोट सुटलेलं नव्हतं, रिकामं झालेलं होतं. उशी काढून घेतल्यावर खोळ राहावी तसं. वाकले की लोंबायचं, झोपले की एका बाजूला घरंगळायचं. मला त्याचं वाईट वाटायचं आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. जिला वाटत असेल तिने आरशासमोर उभं राहून मग बोलावं.

तर मी वाचायला बसले. एका हातात दूध पिणारी मुलगी, दुसऱ्या हातात मोबाइल. सुरी नाही, टाके नाहीत, सुट्टी नको, अशी त्वचा आवळण्याची यंत्रं कोणकोणती असतात ते सगळं मी पालथं घातलं. अल्ट्रासाउंडचं यंत्र त्वचेच्या खाली खोल एका ठिकाणी उष्णता सोडतं, बहुतेकांना एकदाच करावं लागतं, पण हाडाजवळ गेलं की डोळ्यांतून पाणी काढतं. ते जास्त करून हनुवटीखाली आणि गळ्याला वापरतात. लेझरचं काम वरवरचं, बारीक सुरकुत्या आणि रंग यांच्यासाठी ठीक. सुयांचं एक यंत्र असतं, त्याचे फोटो पाहून मी मोबाइल पालथा ठेवला. आणि रेडिओ फ्रिक्वेन्सी, म्हणजे मूठ असलेलं एक यंत्र जेल लावून इस्त्रीसारखं फिरवतात. त्वचा आतून तापते, त्यामुळे आतलं त्वचा ताणून धरणारं कोलाजेन आवळतं आणि पुढच्या काही महिन्यांत नवं तयार होतं. चार-सहा सिटिंग्ज घ्यावी लागतात. पण दुखत नाही. सगळीकडे तेच लिहिलेलं. गरम दगडाने मालिश केल्यासारखं वाटतं, बायका झोपून जातात.

मी तुलना करत होते ती या एकाच गोष्टीवर येऊन थांबली. दुखत नाही ते बरं. दिवसभर बाळाला कडेवर घेऊन फिरायचं, रात्रीची झोप नाही, त्यात आणखी दुखणं कुणाला हवंय? आणि एकाही ठिकाणी, फोटोंच्या त्या सगळ्या चळतीत, पोट कापून बाळ काढलेल्या बाईसाठी वेगळी ओळ नव्हती. 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो मात्र ढिगाने. 'आधी'ची बाई पोट सोडून उभी, 'नंतर'ची श्वास रोखून. एवढं मलासुद्धा दिसत होतं.

"घ्या! आमची अभ्यासू बोलली," वन्सं म्हणाल्या. रविवारी त्या आल्या होत्या. "बाळाचा पलंग घेताना हिने स्क्रू मोजले होते. आता पोटाचा प्रबंध लिहितेय."

"वन्सं, तुम्हाला नकोय का काही? तुमचीही दोन बाळंतपणं कापूनच झालीत."

"माझं पोट पाण्यात असतं. पाण्यात सगळ्यांचीच पोटं सारखी."

वन्सं पोहायला शिकवतात. गळ्यात शिट्टी, आवाज असा की तलावाच्या त्या टोकाचं पोरगं पाय मारायला लागतं. त्यांचे यजमान जहाजावर नोकरीला आहेत, वर्षातून थोडे दिवस घरी असतात. दोन मुलं, नोकरी, घर, सगळं ही बाई एकटी ओढते. मला त्या आवडतात. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना काय काय बोलले आहे तेही सांगायचंय.

ते क्लिनिक बुटांच्या दुकानाच्या वर आहे. पांढऱ्या भिंती, प्लास्टिकची पांढरी फुलं, काचेच्या बाटलीत पाणी आणि पाण्यात काकडीची चकती. मालकीणबाईंना सगळे 'मॅडम' म्हणतात. पांढरा कोट घालतात म्हणून त्या डॉक्टर असतील असं मी धरून चालले. धरून चालणं सोपं असतं, कोट विकत मिळतात.

मशीन चालवणारी बाई वेगळी. गोड बोलायची. मला झोपवलं, पोट उघडं केलं, जेल लावलं. जेल गार होतं हे मला बेंबीच्या वर कळलं, बेंबीच्या खाली कळलं नाही, आणि ते कळलं नाही हेही तेव्हा लक्षात आलं नाही. मूठ फिरायला लागली.

"किती गरम वाटतंय? दहापैकी सांगा."

"सहा. नाही, सात."

"छान. आता खाली जाते. इथे?"

"इथे काहीच नाही."

"मग थोडं वाढवते हं. आता?"

"नाही."

"आता?"

"कोमटसुद्धा नाही."

"बापरे!" ती हसली. "तुमची सहनशक्ती जबरदस्त आहे. बाकीच्या बायका किती ओरडतात!"

मला बरं वाटलं, हे लिहितानासुद्धा माझे दात आवळले जातात. बाळंतपणापासून कुणी माझं असं कौतुक केलं नव्हतं. मी छताकडे बघत पडून राहिले, बाहेर नवऱ्याच्या मांडीवर मुलगी रडते आहे का ते कान देऊन ऐकत, आणि ती मूठ माझ्या टाक्यांच्या वर फिरत राहिली.

घरी आल्यावर मुलीचा लंगोट बदलत होते. तिने सवयीने माझ्या पोटावर लाथ मारली. टाच परत आली ती ओली. मला वाटलं तिचंच काही असेल. मग माझा शर्ट बघितला. शर्ट उचलला. टाक्यांच्या वर तळहाताएवढा भाग लालभडक झाला होता, त्यावर फोड आले होते आणि एक फोड तिच्या टाचेने फुटला होता. कातडं साईसारखं सरकलं होतं.

आणि दुखत नव्हतं. कडेकडेने आग होत होती, मध्ये काही नाही. दुसऱ्या कुणाचं तरी पोट बघावं तसं मी बघत उभी राहिले. मग नर्स आठवली.

मोठ्या दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, धुतली. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाल्या, "मशीनवर आकडा असतो तो वरच्या कातडीचा. आत किती तापलं ते पेशंटने सांगायचं असतं. तुम्ही सांगणार कुठून? बाळ काढताना पोट कापलं तेव्हा इथल्या बारीक नसा कापल्या गेल्यात. या जागेला भाजलं काय, बर्फ लावला काय, सारखंच."

"मग दुसरं यंत्र घ्यायला हवं होतं का? अल्ट्रासाउंड?"

"इथे? बधिर जागेवर उष्णता देणारं कुठलंच नको. आणि खरं सांगू? तुमच्यासारखी घडी पडलेली त्वचा या यंत्रांनी जात नाही. थोडं सैल असेल तर थोडं आवळतं, तेही हळूहळू. पोट मुळात बाळंतपणानंतर वर्षभर तरी आपापलं आवळत असतं, त्याला तेवढा वेळ द्यायचा. हे तुम्हाला तिथे कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर विकलं काय असतं?

मी मुलीला पट्टी नसलेल्या बाजूला, कडेवर उंच धरून तिथे गेले. मॅडमनी मला आतल्या खोलीत बसवलं, म्हणजे बाहेरच्या बायकांना ऐकू जाऊ नये.

"तुम्हीच म्हणालात ना, वाढवा," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही विचारलंत का, पोटाचं ऑपरेशन झालंय का म्हणून?"

"अहो, टाके दिसतातच की!"

"दिसले? आणि तरी फिरवलंत?"

मॅडमनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "तिथे जाणवत नाही हे तुम्ही सांगायला हवं होतं."

"जे जाणवत नाही, ते जाणवत नाही हे मला जाणवणार कसं?"

"तुमची त्वचा नाजूक आहे. असं लाखात एखादीचं होतं. आणि बघा, बाळ कंटाळलंय. आपण शांतपणे नंतर बोलू."

बाळ कंटाळलं नव्हतं. बाळ काकडीच्या चकतीकडे बघत होतं. पण बाळ हे फार सोयीचं असतं, आईला कुठूनही उठवायला उपयोगी पडतं.

इथे मला सासरच्या घराबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कुणाला खरं वाटणार नाही. या घरात काही वाया जात नाही. सासरे गेले, त्यांच्या चष्म्याच्या फ्रेममध्ये दीर काचा बसवून घेऊन फिरतो. एकाचा खोकला बरा झाला की उरलेलं औषध दुसऱ्याचा खोकला सुरू होईपर्यंत जपून ठेवतात आणि मग, "घे, दोन चमचे आहेत अजून." नवऱ्याने व्यायामशाळा सोडली तेव्हा उरलेले महिने दिराच्या नावावर झाले, दिराचा गुडघा गेला, उरलेले आठवडे त्याच्या मित्राला. मला याची गंमत वाटायची. लग्नानंतर मी माहेरी नकला करून दाखवायचे.

मी पट्टी बदलायला गेले होते तेव्हा मॅडमनी नवऱ्याला फोन केला. सगळ्या सिटिंग्जचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, पण राहिलेली सिटिंग्ज घरातल्या दुसऱ्या कुणालाही देता येतील, त्यांच्याकडून सदिच्छा म्हणून. सदिच्छा! आणि नवरा म्हणाला, बरं.

मी परत आले तर तो मुलीला भरवत होता. चमचा तिच्या तोंडात, डोळे माझ्याकडे नाहीत.

"एक बोलायचं होतं. ती उरलेली सिटिंग्ज आहेत ना..."

"आहेत. खड्ड्यात जाऊ देत."

"ताईला दिली."

मला आधी वाटलं त्याने चेष्टा केली. मग त्याचा चेहरा बघितला.

"तिला कधीपासून हवं होतं गं. बोलत नाही ती, पण हवं होतं. आणि वाया जाण्यापेक्षा..."

"काय वाया जाण्यापेक्षा? माझं पोट जाळलं ते कमी जळलं म्हणून उरलेलं तुझ्या बहिणीला वाढतोयस?"

"ओरडू नकोस, ती खातेय."

"मी ओरडणार! तिला दोन वेळा कापलंय. दोन वेळा! माझं एकदा कापून हे झालं."

"मॅडम म्हणाल्या, तुझी त्वचा नाजूक आहे. ताई दणकट आहे."

"दणकट माणसाच्या नसा कापल्या की परत उगवतात का?"

त्याने पुढचा घास मुलीच्या तोंडात घातला. त्याच्या गप्प बसण्यात वाईट हेतू कधीच नसतो, हीच तर अडचण आहे. वाईट हेतू असता तर मी एकदाच भांडून मोकळी झाले असते. हा भला माणूस आहे आणि त्याला भांडण नको असतं. भांडण नको म्हणून त्याने माझं भांडण त्या बाईला परस्पर विकून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी वन्संकडे गेले. मुलं शाळेत होती. वन्संनी मुलीला माझ्याकडून ओढून घेतलं, हवेत उडवलं, मी नेहमीसारखी "अहो, मान, मान" म्हणाले, त्यांनी नेहमीसारखं दुर्लक्ष केलं. मी शर्ट वर करून पट्टी दाखवली. मग पट्टीचा कोपरा सोडवून आतलंही दाखवलं.

त्यांचं हसणं गेलं. पण थोडाच वेळ.

"फार वाईट झालं गं. पण तू जरा तशीच आहेस. तुला डास चावला तरी गांधी उठतात. मी त्यांना सांगेन, कमी ठेवा म्हणून."

"कमी म्हणजे किती? तुम्हाला कळणार कसं?"

"मला? मी रोज पाण्यात असते. पाणी जरा गार असेल तर ऑफिसमध्ये फोन मी करते. गरम-गार मला कळत नाही होय?"

मी उठले, त्यांच्या फ्रीजमध्ये स्टीलचा चमचा ठेवला आणि चहा होईपर्यंत गार होऊ दिला. मग म्हटलं, "आडव्या व्हा. डोळे मिटा. चमचा लावला की सांगा."

"काय पोरखेळ लावलाय!" पण सोफ्यावर आडव्या झाल्या. त्यांना पैज आवडते. टी-शर्ट वर केला, डोळे मिटले. "हं, लाव."

बरगडीखाली लावला. "गार," त्या लगेच म्हणाल्या. "बघ! बर्फासारखा."

बेंबीच्या बाजूला लावला. "गार. पुढे?"

मग मी तो बेंबीच्या खाली, टाक्यांच्या जरा वर ठेवला. सपाट ठेवला. दाबला सुद्धा.

वन्सं वाट बघत होत्या. माझी मुलगी टेबलाचा पाय धरून उभी राहिली आणि खाली बसली.

"लाव ना आता," वन्सं म्हणाल्या. "झोप लागेल मला."

त्यांनी डोळे उघडले, मान उचलली आणि आपल्या पोटाकडे पाहिलं. चमचा तिथेच होता, माझा हात त्याच्यावर होता.

हा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आपल्याच घराच्या एका खोलीला बाहेरून कुलूप आहे असं एवढ्या वर्षांनी कळावं, तसा. त्यांनी चमचा घेतला, स्वतः लावून पाहिला, हलवून पाहिला. मग टेबलावर आपटला.

"बरं, नाही कळत. मग?"

"मग जाऊ नका."

"तुला काय जातंय बोलायला!" त्या उठून बसल्या. आवाज तलावावरचा. "तुझा नवरा रोज संध्याकाळी घरी येतो. तू कितीही लोंबलीस तरी येतो. माझा येतो तेव्हा पाहुण्यासारखा येतो. आणि तलावावर, माहितीये तुला? एका चिमुरडीने माझ्या पोटात बोट खुपसलं. म्हणे, मॅडम, तुम्ही आत फुगा ठेवलाय का, बुडू नये म्हणून? पायऱ्यांवर पोरांच्या आया बसलेल्या सगळ्या. हसल्या. मी पण हसले. काय करणार? आता नवीन शिकवणारी आलीये, पोरगी, पोट म्हणजे फळी. बाहेरच्या बोर्डावर तिचा फोटो लागलाय. तिथे आधी माझा होता."

त्या पायऱ्यांवरच्या बायकांना एकेक करून पाण्यात ढकलावं असं वाटलं. पण त्या समोर नव्हत्या, वन्सं होत्या. आणि मी चिडलेली होते. म्हणून मी म्हणाले, "म्हणजे त्या बायका हसल्या म्हणून तुम्ही स्वतःला भाजून घेणार? एवढ्या मोठ्या झालात, अक्कल नाही का?"

कुणी थोरल्या नणंदेला असं बोलतं का? बोलू नये. मी बोलले.

"आता निघ तू," वन्सं म्हणाल्या. मुलीला टोपी त्यांनीच घातली, नीट, कान झाकून. "आणि काळजी करू नकोस. मी मशीनवरचा आकडा बघत राहीन. मला लहान आकडेही दिसतात अजून."

"माझ्या वेळीही आकडा होताच," मी दारातून म्हणाले. दार लागलं होतं.

मी क्लिनिकला फोन केला, या बाईंना पोटावर जाणवत नाही, त्यांना घेऊ नका. फोनवरची म्हणाली, "तुम्ही कोण?" मी सांगितलं. ती म्हणाली, "हो का, तुम्हीच का त्या." मी नवऱ्याला म्हटलं, तू रद्द कर, फोन तुलाच आला होता. तो म्हणाला, ताईचं ताई बघेल, ती काय लहान आहे? त्याच आठवड्यात त्यानेच त्यांना स्कूटरवरून तिथे सोडलं, आणि मला घरी येऊन सांगितलं, "एकदम मस्त झालं. ताई म्हणाली, अजिबात दुखलं नाही. ती मशीनवाली पण खूश होती तिच्यावर."

खूश होती. माझ्या हातातली बाटली मी भिंतीवर फेकली. रिकामी होती. मुलगी दचकून रडली आणि मग मीही.

त्यानंतर वन्सं तलावावर गेलेल्या नाहीत. सर्दी झाली म्हणतात. ज्या बाईने पोहण्याचा तास एकदाही बुडवला नाही, तिला सर्दी. मी फोन केला की "बरी आहे गं" म्हणतात आणि ठेवतात. मी गेले तर साखळी लावूनच दार उघडलं. अंगात ढगळ गाऊन, एक हात पोटापासून लांब, कापड अंगाला लागू नये असा धरलेला. मी रोज आरशात तस्साच हात धरलेला बघते, मला कोण फसवणार?

"दाखवा," मी म्हणाले.

"दुखत नाहीये काही."

"दुखतंय का म्हणून मी विचारलंच नाही. दाखवा."

"घाबरट, घरी जा. पोरीला वारा लागेल."

"वन्सं, पू झाला तर ताप येतो. पट्टी कोण बांधतंय तुम्हाला? मला आत येऊ द्या. मी काही बोलणार नाही, देवाशपथ. एक शब्द बोलणार नाही."

त्या फटीतून माझ्याकडे बघत राहिल्या. डोळे लाल होते, सर्दीने की कशाने कोण जाणे. "तू न बोलता राहशील?" त्या म्हणाल्या, आणि जरा हसल्यासुद्धा. मग दार लागलं. आतून म्हणाल्या, "सोमवारपासून जाणार आहे मी कामावर. आणि तलावावर आलीस तर बघ. गेटवर सांगून ठेवलंय."

खरंच सांगून ठेवलंय. मी जाऊन पाहिलं. वॉचमन म्हणाला, "मॅडमची वहिनी ना? लहान बाळवाली? नाही सोडता येत."

नवरा म्हणतो, ती बरी आहे म्हणतेय तर बरी असेल. तो तिचा भाऊ आहे, पोट दाखव असं तो तिला म्हणू शकत नाही, हे मला कळतं. जहाजावर फोन लागत नाही. त्यांच्या मुलांना मी काय विचारू?

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, पायऱ्यांवर बसणाऱ्या तुम्हा बायकांना. तुमची मुलं त्यांच्याकडे पोहायला येतात. तुमच्यातल्या कोण हसल्या ते मला माहीत नाही आणि आता त्याचं काही नाही. सोमवारी मोबाइल जरा खाली ठेवा आणि त्यांच्याकडे बघा. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत लावून त्या काठावरूनच शिट्टी मारत असतील, मुलांना वाकून हात देत नसतील, तर उठून त्यांच्याजवळ जा. कपाळाला हात लावून बघा, तापलंय का. बरी आहे म्हणतील, ते ऐकू नका. आणि पाण्यात उतरायला निघाल्या तर उतरू देऊ नका, तलावात औषध टाकलेलं असतं, उघड्या जखमेला ते चालत नाही. त्यांना हाताला धरून कपडे बदलायच्या खोलीत न्या, दार लावून घ्या, आणि पोट बघा. मला कळवलं नाहीत तरी चालेल. तिथून सरळ डॉक्टरकडे न्या.